गुरुवारपर्यंत शंभर वर्षं

पुण्याच्या बाई फोनवर म्हणाल्या,
पेटी शंभर वर्षांची दिसायला हवी
आणि गुरुवारपर्यंत हवी.
आज सोमवार.
म्हणजे दिवसाला तेहेतीस वर्षं नि वर काही महिने,
त्यात दुपारी दोन ते पाच लाइट नाही.

खणभागात, गच्चीवरच्या माझ्या खोलीत
पेटी नवीकोरी बसलीय,
कोपऱ्यात कारखान्याचा भुसा अजून तसाच.
पहिला हात काळपट तपकिरी.
कडांना मेणबत्ती घासायची.
मग फेविकॉलचा थर, आणि तो ओला असतानाच
वरून सायीसारखा पांढरा.
उन्हात ठेवला की तडे आपसूक जातात,
टाचांना पडतात तसे.

खिळे परवापासून व्हिनेगरमध्ये मुरताहेत.
चहाचा चोथा दोनदा उकळून ठेवलाय, कागदासाठी.
निळ्याकाळ्या शाईचा एक थेंब, त्यावर पाण्याचा शिंतोडा.
टीपकागद लगेच लावायचा नाही,
शाईला जरा हिंडू द्यायचं.
चंद्रस मिरजेहून इर्शाद आणून देतो.
त्याच्या घरी सतारी होतात.
हसतो तो : "आमच्याकडं लोक जुनं नवं करून मागतात,
तुमचं सगळं उलटंच, मॅडम."

उलटं आहे खरं.
पण पॉलिशपेपर हातात घेतला
की सगळी अक्कल एकाच जागी लागते :
घासायचं कुठे.
सगळीकडे सारखं घासलं तर जुनं दिसत नाही,
नुसतं खराब दिसतं.
हात जिथे लागला असता, तिथेच झिजवायचं.
म्हणजे आधी हात हवा.

मग मी एक बाई आणते, मनातल्या मनात.
मनकर्णा. डावखुरी.
झाकण डाव्या अंगठ्यानं उचलायची,
म्हणून तिथला रंग पार लाकडापर्यंत गेलेला.
आत काय ठेवायची ते मलाही सांगत नाही.
नवरा घरात आला की तळहात झाकणावर दाबून धरायची,
मधोमध हा पुसट गोल त्याचा.
कडी दोनदा बदललेली.
एकदा तिनं.

अस्तराला मात्र खरे कागद :
हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं
त्या सालची हळदीची खतावणी.
एका रात्रीत जुनी झाली ती, कुणी ऑर्डर न देता.
जमेची शाई नावेच्या बाजूला उतरलेली,
पोत्यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले.
भूपाळअण्णांना रद्दीचा भाव विचारला,
तर म्हणाले, "हे विकायचं कसं?"
आणि तशीच दिली.

तिच्यावरचा डाग मी करून पाहिलाय.
चहा, कॉफी, हळद, गंजाचं पाणी, सगळं घालून.
रंग जुळतो.
कड जुळत नाही.
पाणी थांबत थांबत उतरलं होतं,
प्रत्येक थांब्याची एक बारीक रेघ आहे,
आणि माझा ब्रश थांबतो तो
थांबू का, असं मला विचारून.

तसली एक रेघ माझ्या जिन्यातही आहे,
आठव्या पायरीच्या बरोबरीनं.
दर दिवाळीला रंगारी विचारतो, झाकू?
झाक, म्हणते.
चार थर झाले असतील तिच्यावर.
पॉलिशपेपर मी जिन्याकडे नेत नाही.

बुधवारी रात्री पेटी हुंगून पाहिली.
नव्या रंगाचा वास, लपता लपेना.
एक हळकुंड टाकलं आत,
आणि झाकण लावलं. डाव्या हातानं.

शनिवारी फोन.
पेटी अगदी खरी वाटते हो, बाई म्हणाल्या,
फक्त डावी बाजू जरा जास्तच झिजलीय.
उजवीकडेही तेवढंच करून द्याल?
जोडीला बरं दिसेल.

हो म्हणाले.
निम्मे पैसे यायचे होते अजून.

आता मनकर्णेला उजवा हात शिकवायचा.
शंभराव्या वर्षी.